जुनं चिऱ्याचं घर उतरवायचं आहे: काय ठेवायचं, काय बाहेर न्यायचं, काय बाहेरून आणायचं?

खाडीकाठ (प्रश्न)

सिंधुदुर्गातल्या आचरा खाडीच्या बाजूला, समुद्रापासून दीडेक किलोमीटर आत असलेलं घर उतरवून त्याच जागेवर नवं बैठं घर बांधायचं आहे. माहिती अशी:

जुनं घर ४० × २५ फूट, उंची ९ फूट. भिंती १४ इंची, जांभ्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या. बाहेरच्या भिंतींना नंतर सिमेंटचा गिलावा केलेला आहे. आतल्या भिंती धरून एकूण १९० फूट लांबी. छप्पर मंगलोरी कौलांचं, अंदाजे २,००० कौलं. आढं आणि भाल सागाचे, वासे किंजळ आणि फणसाचे मिसळलेले. मागे १९९०च्या आसपास वाढवलेली स्लॅबची न्हाणी-मोरी आणि स्वयंपाकघर, त्यात साधारण ५ घनमीटर काँक्रीट. स्लॅबच्या सळ्या फुगल्या आहेत. गोठ्यावर १२ सिमेंटचे जुने पत्रे आहेत.

ठेकेदाराचं म्हणणं असं की जेसीबी लावून एका दिवसात सगळं पाडू, राडारोडा डंपरने बाहेर टाकू आणि घाटावरून एएसी ब्लॉक (हवेची छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीटचे) आणू, ते हलके असल्यामुळे वाहतूक कमी पडते आणि म्हणून पर्यावरणालाही बरं.

प्रश्न तीन. एक, हलका ब्लॉक लांबून आणणं आणि जड चिरा जवळून आणणं यात खरंच फरक किती? दोन, जुन्यातलं काय नव्या घरात निर्धास्त वापरता येईल? तीन, काँक्रीटचं काय करायचं? ते पुनर्प्रक्रियेसाठी कुठे पाठवणं योग्य की नाही? आकड्यांसह उत्तर मिळालं तर ठेकेदाराशी बोलता येईल.

मोजपट्टी

हिशोबाला बसण्याआधी मालाच्या दोन जाती वेगळ्या करा. चिरा, खडी, वाळू, माती हा माल जमिनीतून काढला, कापला, लावला. त्याचा कार्बन बहुतेक गाडीच्या डिझेलमध्ये असतो. सिमेंट, चुना, वीट, कौल, पोलाद हा भट्टीतून आलेला माल. त्याचा कार्बन भट्टीतच खर्ची पडलेला असतो आणि गाडी त्यात थोडीशी भर घालते. सगळ्याला एकच ‘किलोमीटर’ लावला की उत्तर चुकतं, आणि ठेकेदाराची चूक तीच आहे.

आता तुमचं घर. नवी भिंत ९ इंची धरतो. १९० फूट × ९ फूट, त्यातून दारं-खिडक्यांचे १५ टक्के वजा केले की सुमारे १,४५० चौरस फूट उरतात. चिरा १४ × ९ × ७ इंच धरला (खाणीनुसार थोडा फरक पडतो) तर सांध्यासकट चौरस फुटाला १.३ चिरे, म्हणजे १,९०० नग. एक चिरा ३० किलोच्या आसपास. एकूण ५७ टन.

खाण २५ किलोमीटरवर आहे असं समजा. सहाचाकी ट्रकमध्ये ९ टन, म्हणजे ३०० चिरे, ७ फेऱ्या. भरलेली गाडी लिटरला साडेचार किलोमीटर, रिकामी सहा. एका फेरीला जाऊन-येऊन जवळपास १० लिटर, सात फेऱ्यांना ६८ लिटर. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे सगळ्या चिऱ्यांची वाहतूक: अंदाजे १८० किलो.

एएसी ब्लॉक ८ इंची घेतले तर त्याच भिंतीला २७ घनमीटर लागतात. ओलाव्यासकट वजन साडेसतरा टन. दहाचाकीची एक ठासून भरलेली फेरी. घाटावरून १५० किलोमीटर, भरलेली साडेतीन आणि रिकामी पाच धरली तर ७३ लिटर, १९५ किलो. म्हणजे वाहतुकीत दोघं बरोबरीत. ‘हलका म्हणून चांगला’ हे इथेच संपतं, कारण ब्लॉकमध्ये सिमेंट आणि चुना आहे आणि तो दाबाच्या वाफेत शिजवलेला आहे. घनमीटरमागे दोनशे किलो धरले तरी २७ घनमीटरला पाच टनांच्या वर जातो. शिवाय ब्लॉकच्या घराला बहुधा काँक्रीटचा सांगाडा उभारतात. चिऱ्याच्या बैठ्या घराला भिंतच भार घेते.

आता एक आकडा जो कोणी मोजत नाही. त्या १,९०० चिऱ्यांच्या सांध्यांना १:६ च्या मालात (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) सुमारे २० पोती सिमेंट लागतं. राखमिश्रित पीपीसीला किलोमागे ०.६५ किलो धरला तर ६५० किलो. म्हणजे सांध्यांमधलं सिमेंट हे सगळ्या चिऱ्यांच्या वाहतुकीच्या साडेतीनपट. खाण आणखी २० किलोमीटर जवळ शोधण्यापेक्षा सांधा पातळ ठेवणं आणि मालात सिमेंट कमी घालणं यात जास्त वाचतं. सिमेंट निवडताना पोर्टलँड स्लॅग सिमेंट मिळतं का विचारा. त्यात लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग असतो, तितका क्लिंकर (सिमेंटसाठी भट्टीत भाजलेला मूळ माल) कमी, आणि समुद्राकाठच्या क्षाराला ते जास्त टिकतं.

कौलांचंही बघा. २,००० कौलं × अडीच किलो = ५ टन. भाजणीचा कार्बन किलोमागे पाव किलो धरला तर सव्वा टन. मंगळुरू बाजूने चारशेहून जास्त किलोमीटर आणायचा खर्च, भरलेल्या ट्रकमधला या ५ टनांचा वाटा धरला तर, गाडी रिकामी परतली तरी, अडीचशे किलोच्या आत. म्हणून जुनं कौल वाचवण्यात खरा फायदा भट्टी वाचण्याचा आहे. नवी कौलं घ्यावीच लागली आणि व्यापारी ट्रक दक्षिणेकडून आणत असेल तर त्याला कोकण रेल्वेच्या रो-रोबद्दल विचारा. भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेण्याची ही सेवा १९९९ साली कोलाड ते वेर्णा सुरू झाली, पुढे सुरतकलपर्यंत गेली, आणि आता तो मार्ग पूर्ण विजेवर आहे.

ट्रकवर जास्त माल टाकून फेऱ्या वाचवू नका. रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घातात वाढते. दीडपट भार म्हणजे पाचपट झीज. गावातले रस्ते त्या बेताने बांधलेले नसतात, आणि उखडलेला रस्ता पुन्हा डांबर-खडी मागतो.

काँक्रीटबद्दल: फोडून खडी करा. आयएस ३८३ (२०१६) या भारतीय मानकाप्रमाणे एम-२५ पर्यंतच्या (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) सळईच्या काँक्रीटमध्ये फोडलेल्या काँक्रीटची खडी २० टक्के चालते. लिंटेलमध्ये (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीत) घालता येईल.

चिरेबंदी

हिशोब चांगला मांडलाय. उतरवण्याची पद्धत सांगतो, कारण वाचणं-फुकट जाणं तिथेच ठरतं.

भिंती मातीत आहेत हे तुमचं मोठं नशीब. माती चिऱ्यापेक्षा कमजोर, त्यामुळे पहारीच्या एका हिसक्यात चिरा अख्खा सुटतो. १:४ सिमेंटात बांधलेली जांभ्याची भिंत उतरवायला गेलात तर सांधा तसाच राहतो आणि चिरा मधून फाटतो. हे नव्या भिंतीलाही लागू आहे, त्यावर शेवटी येतो.

जेसीबी लावला तर १४ इंची भिंत एकदम आडवी होते आणि निम्म्याहून जास्त चिऱ्यांचे कोपरे जातात. हाताने उतरवताना दोन माणसांची जोडी मातीतल्या भिंतीचे दिवसाला शंभर-दीडशे चिरे उतरवून साफ करते. तीन जोड्या लावल्यात तर आठ-दहा दिवसांचं काम.

क्रम असा. वीज तोडा. गोठ्याचे पत्रे सगळ्यात आधी, न फोडता. मग कौलं, रिपा, वासे, आढं. चौकटी. मग बाहेरचा सिमेंटचा गिलावा, जो छिन्नीने सोलावा लागेल. त्यानंतर भिंती वरून खाली, एकेक थर. वरचा थर मोकळा न करता खालून कुरतडलात तर १४ इंची भिंत अंगावर येते. चिरा खाली फेकायचा नाही. फळी तिरकी लावून घसरवायचा.

जुन्या भिंतीचं आकारमान बघता अंदाजे २,८०० चिऱ्यांइतका दगड निघेल. तीस टक्के तुटफूट आणि बाद धरली तरी १,९०० हाताशी राहतात. म्हणजे नव्या ९ इंची भिंतीला एकही चिरा बाहेरून न आणता भागू शकतं. फक्त जुने हाताने तासलेले चिरे आजच्या मशीनच्या मापाचे नसतात. मापाप्रमाणे थप्प्या वेगळ्या लावा आणि एका भिंतीत एकाच थप्पीचे चिरे घाला, नाहीतर थर जुळवायला गवंडी सांध्यात दोन-दोन इंच माल भरतो आणि वर मोजलेली सिमेंटची बचत तिथेच बुडते.

बाद कोणते? एक, हातोडीच्या टोल्याला बद्द आवाज येणारे. दोन, पांढऱ्या मातीचे खिसे असलेले, ते पावसात पोखरतात. तीन, जोत्यालगतचे खालचे दोन-तीन थर. जमिनीची ओल आणि खारा वारा यांचे क्षार तिथे साठलेले असतात. गिलाव्याच्या भिंतीत घातलात तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत गिलावा फुगून पापुद्रे सुटतात, आणि माणसं सिमेंटला दोष देतात. संशय असलेला चिरा थाळीत इंचभर गोड्या पाण्यात उभा ठेवा, पाणी सुकू द्या, पुन्हा तेवढंच घालून सुकू द्या. अंगावर पांढरी भुकटी आली तर तो कुंपणाच्या गडग्याला. मजबुतीची शंका असेल तर आयएस ३६२० चा निकष लक्षात ठेवा: दाब सहन करण्याची ताकद किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, पाणी शोषण १२ टक्क्यांच्या आत. सहा नमुने प्रयोगशाळेत दिलेत तरी पुरे.

कौलं: टिचकी मारली की खणखणीत वाजलं पाहिजे. पाठीवरचा छाप बघून थप्प्या लावा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, आणि मिसळून लावलेलं छप्पर पहिल्याच वादळी पावसात गळतं. शेवाळ काथ्याच्या ब्रशने काढा, तारेच्या ब्रशने वरची भाजलेली कातडी जाते. काही कौलं तोलून दिवसभर पाण्यात बुडवा, पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढलं तर ती बाजूला काढा. ठेवताना उभी, एकाला एक टेकून, चार ओळींच्या वर नाही. नव्या रिपांचं अंतर हातातल्या कौलांवरून घ्या. चार कौलं जमिनीवर जोडून मांडा आणि मोजा. सुताराच्या सवयीच्या मापावर सोडू नका.

फुटकी कौलं टाकू नका. बारीक कुटली की ती सुरखी. चुन्याबरोबर सुरखी पाण्यातही घट्ट होते, म्हणून न्हाणीच्या तळाला आणि जोत्याच्या सांध्यांना चांगली. मोठे तुकडे कोब्याला.

आणि नवी भिंत १:४ मध्ये बांधू नका. बैठ्या घराला सिमेंट, चुना, वाळू १:२:९ हा माल पुरतो. चुन्यालाही भट्टी लागते हे खरं, पण भट्टीत दगडातून सुटलेला वायू तो हवेतून हळूहळू बराचसा परत घेतो. आणि पुढच्या पिढीला हे घर उतरवायचं झालं तर चिरा अख्खा निघेल. आतल्या, पावसाचं पाणी न लागणाऱ्या भिंतींना तर अजूनही मातीचा सांधा चालतो. जुन्या भिंतीतून निघालेलीच माती चाळून, भिजवून, चार दिवस मुरवून वापरा.

जोतं तपासा. भेगा नाहीत, कोपरे खचलेले नाहीत, आणि नव्या भिंतीची रुंदी त्यावर बसते असं दिसलं तर ते हलवूच नका. या घरातला सगळ्यात जड दगड तिथे आहे आणि त्याला एक लिटरही डिझेल लागत नाही.

खारा वारा

मोजपट्टी यांच्या शेवटच्या परिच्छेदावर हरकत आहे, आणि ती महत्त्वाची आहे. लिंटेलमध्ये ती खडी घालू नका.

आयएस ३८३ मधली २० टक्क्यांची सवलत एम-२५ पर्यंतच आहे. पण आयएस ४५६ किनारी हवामानाला ‘तीव्र’ वर्गात टाकतं, आणि त्या वर्गात सळईच्या काँक्रीटला किमान एम-३०, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण लागतं. दोन्ही नियम एकत्र वाचले की किनाऱ्यावर सळईच्या काँक्रीटमध्ये फोडलेल्या काँक्रीटला जागाच उरत नाही.

नियम बाजूला ठेवला तरी कारण उघड आहे. तुमच्या स्लॅबच्या सळ्या फुगल्यात म्हणजे त्या काँक्रीटमध्ये बहुधा क्लोराइड (मिठातला क्षार) शिरलेला आहे. तो खाऱ्या वाऱ्याचा असेल, त्या काळात घातलेल्या खाडीच्या न धुतलेल्या वाळूचा असेल. ते फोडून नव्या लिंटेलमध्ये घातलं की गंजाचं बी नव्या घरात पेरलं. सळईच्या काँक्रीटमध्ये एकूण क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे, ती गाठायला फार मीठ लागत नाही. तपासायचं असेल तर ताज्या फोडलेल्या तुकड्यावर सिल्व्हर नायट्रेटचा पातळ द्राव फवारा. पांढरा साका आला की क्लोराइड आहे. हातमोजे घाला, कातडी काळी पडते.

मग त्या ५ घनमीटरचं, म्हणजे १२ टनांचं करायचं काय?

पुनर्प्रक्रिया केंद्राला पाठवू नका. पिंपरी-चिंचवडला मोशीत तसा प्रकल्प आहे, पण आचऱ्याहून जवळपास ३९० किलोमीटर. दहाचाकी जाऊन-येऊन १९० लिटर पिईल, पाचशे किलोच्या वर कार्बन. त्या बदल्यात वाचणार काय, तर १२ टन काळवत्री (काळ्या दगडाची) खडी, जी काढून फोडायला टनामागे पाच-दहा किलो पडतात. वाचतील साठ ते सव्वाशे किलो. अशा केंद्रांचा उपयोग शहरात आहे, जिथे राडारोडा आणि नवं बांधकाम दहा-वीस किलोमीटरच्या आत असतं. तुमच्याकडे राडारोड्याने कुंपणाबाहेर जाऊच नये.

आवारातच जिरवायचा मार्ग असा. ब्रेकरने फोडा, सळई वेगळी करा. अंदाजे अर्धा टन निघेल, ती भंगारात द्या. गंजलेली सळई सरळ करून पुन्हा वापरायला गवंडी सुचवतील, नाही म्हणा. तुकडे घणाने दीड-दोन इंचाचे करून चाळा. जाड माल जमिनीखालच्या कोब्याला, १:४:८ च्या साध्या काँक्रीटला. यात सळई नाही म्हणून क्लोराइडचं भय नाही, आणि अशा दुबळ्या काँक्रीटमध्ये ती खडी १०० टक्के घालायला मानक परवानगी देतं. तुमच्या ४० × २५ फुटांवर ४ इंची कोब्याला नऊ-साडेनऊ घनमीटर काँक्रीट लागेल. निम्म्याहून जास्त खडी यातूनच सुटते. बारीक चुरा सोलिंगच्या (कोब्याखाली रचलेल्या दगडांच्या) फटींत आणि अंगणाच्या वाटेखाली.

यात तीन गोष्टी बिघडतात. जुन्या खडीला जुना माल चिकटलेला असतो, ती काळवत्रीच्या कितीतरी पट पाणी पिते. आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवली नाही तर मिश्रण कोरडं पडतं, मजूर वरून पाणी ओततो आणि कोबा भुसभुशीत होतो. दुसरं, पीओपीचे तुकडे. त्यातला सल्फेट सिमेंटला फोडतो, तेव्हा छताची पीओपी आधीच वेगळी काढा. तिसरं, लाकडाच्या ढलप्या. भरावात चार ढलप्या राहिल्या तरी वाळवीला घरात वाट मिळते.

मोजपट्टी

बरोबर आहे. मी एम-२५ ची अट लिहिली पण किनाऱ्याला एम-३० लागतं हे जोडून पाहिलं नाही. खाडीकाठ, लिंटेलचा तो सल्ला रद्द समजा. लिंटेलला दुसरा पर्यायही आहे: सहा फुटांच्या आतल्या खिडक्यांवर चिऱ्याची कमान. सळईही नको, काँक्रीटही नको. गवंडी मात्र कमान येणारा हवा.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. लाकडाचं काय, आणि गोठ्याच्या पत्र्यांचं काय? ठेकेदार म्हणतो पत्रे फोडून भरावात घालू.

आढं-वासा

पत्रे फोडू नका, भरावात तर अजिबात नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. अख्खा पत्रा असेपर्यंत तंतू बांधलेले राहतात, फोडला की हवेत. बोल्ट कापून सोडवा, पत्र्यावर सतत पाणी मारा, तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क. १२ पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेपने बंद करा, वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ लिहा, आणि घातक कचऱ्याच्या मार्गाने विल्हेवाटीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा. या मालाच्या बाबतीत वाहतुकीचं डिझेल मोजत बसू नये. हा एकच माल असा आहे की जो लांब गेलाच पाहिजे.

लाकूड: सागाचे आढं-भाल बहुधा ठणठणीत असतील. खराब होतात ती दोन टोकं, जिथे लाकूड भिंतीत शिरलेलं असतं आणि वळचणीला. टोचणीने तिथे टोचा, पाव इंचाहून आत गेली तर फूटभर कापून टाका. तेवढं लांबीत कमी पडतं, म्हणून नव्या नकाशात खोलीची रुंदी जुन्या लाकडाच्या उरलेल्या लांबीवरून ठरवा. नकाशा आधी काढून मग लाकूड शोधलंत तर चांगला भाल चौकटीसाठी चिरला जातो.

किंजळ वाश्यांना टिकतो, पण पावसाचा थेट मारा नको. फणसाच्या वाश्यांत भुंग्याची भोकं आणि खाली पिवळी भुकटी असेल तर ते चुलीला. चिरायला नेण्याआधी चुंबक फिरवून खिळे काढा, नाहीतर करवतीचं पातं जातं आणि गिरणीवाला पुढच्या वेळी जुनं लाकूड घेत नाही. साग गावाबाहेरच्या गिरणीत न्यायचा असेल तर आधी वनखात्याकडे वाहतूक पासाची चौकशी करा. जुनं लाकूड आहे असं तोंडी सांगून नाक्यावर भागत नाही, उतरवण्याआधीचे घराचे फोटो जवळ ठेवा.

जुना रंग खरवडताना ओला करून खरवडा. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं.

सड्यावरून

कार्बनच्या हिशोबात एक गोष्ट सुटते. सगळा नवा चिरा डिझेलच्या १८० किलो कार्बन डायऑक्साइडमध्ये येतो हे वाचून तो स्वस्त वाटेल. पण चिरेखाण सड्याची (जांभ्याच्या कातळी पठाराची) वरची टणक पाठ कापते. या सड्यावर पडलेलं पाणी जांभ्याच्या छिद्रांतून मुरतं आणि उतारावरच्या झऱ्यांना आणि विहिरींना उन्हाळ्यात मिळतं. वरचा कवच कापला, खड्डा खालच्या मातीपर्यंत नेला, की तिथे पावसाळ्यात डबकं आणि उन्हाळ्यात कोरडा खड्डा. सड्यावर फक्त पावसाचे तीन-चार महिने जगणाऱ्या वनस्पती आहेत, आणि कातळशिल्पंही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आणि गोव्यातली अशी शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तुमचे १,९०० जुने चिरे पुन्हा लागले तर साडेसत्तावीस घनमीटर सडा तसाच राहतो. माझ्या लेखी या चर्चेतली ही सगळ्यात मोठी बचत आहे, आणि ती कोणत्याही कार्बनच्या कोष्टकात दिसत नाही.

दुसरं, ठेकेदाराचं ‘बाहेर टाकू’. कुठे, ते लेखी घ्या. खाडीकाठी राहता म्हणून सांगतो, असा राडारोडा बहुधा खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) नाहीतर कांदळवनाच्या कडेला रात्री रिकामा होतो. कांदळवनाची श्वासमुळं चिखलाच्या वर येऊन हवा घेतात. त्यावर फूटभर माती-विटा पडल्या की झाडं गुदमरतात, भरतीची वाट बंद होते, आणि पावसात मागच्या भातशेतीत पाणी तुंबतं. सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) हे बंद आहे, कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही. राडारोड्याच्या २०१६ च्या नियमांतही लहान घरमालकाने तो आवारात साठवावा किंवा स्थानिक संस्थेने नेमलेल्या जागी द्यावा, रस्त्यात-नाल्यात टाकू नये असं होतं. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन निघाला तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि वीट-गिलावा असं चार भागांत वेगळं करणं त्यांत बंधनकारक होतं. १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी २०२५ चे नवे नियम लागू, पण त्यांचा मुख्य भर २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांवर आहे.

ठेक्याच्या कागदात म्हणून इतकं घाला: चिरे नगावर मोजून उतरवायचे, अख्ख्या चिऱ्याला वेगळा दर. कौलांचंही तसंच. आवाराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची चिठ्ठी, त्यावर माल आणि उतरवण्याची जागा. शेवटचा हप्ता त्या चिठ्ठ्या पाहून. जेसीबी फक्त स्लॅबच्या भागाला. आणि काम मार्चच्या आत उरकायला सांगा, म्हणजे चिरे-कौलं झाकायला आणि कोबा घालायला मृगाआधी दोन महिने हातात राहतात. ताडपत्रीखाली लाकूड ठेवताना खाली दोन चिरे द्या, जमिनीला टेकवू नका.